गोऱ्हेशास्त्रींच्या हातातली भाकर

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलमध्ये पोप लिओ चौदावे आणि इंग्लंडचे राजे चार्ल्स तिसरे यांनी एकत्र प्रार्थना केली. हेन्री आठव्याने सोळाव्या शतकात रोमशी नातं तोडलं, त्यानंतर इंग्लंडचा राजा आणि पोप जाहीरपणे एकत्र प्रार्थनेला बसण्याची ही पहिलीच वेळ. प्रार्थना चालवायला पोपमहोदयांच्या जोडीला यॉर्कचे अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचे, आर्चबिशप स्टीफन कॉट्रेल होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरुपदासाठी, सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं होतं. त्या गादीवर पहिल्यांदाच एक स्त्री येणार होती. दोन्ही बातम्या पाठोपाठ आल्या आणि मिस्सा (आमची मुख्य उपासना) संपल्यावर आमच्या वसईतल्या चर्चच्या आवारात एक जुनाच वाद पुन्हा पेटला. एकजण म्हणाला, ‘‘पोपच्या शेजारी जो उभा होता तो मुळात बिशपच नाही. रोमने हे कधीच सांगून टाकलंय.’’ दुसरा उसळला, ‘‘दुसऱ्याच्या धर्मगुरूला खोटं ठरवणारे आपण कोण? सगळे ख्रिस्ताचेच ना?’’ तेव्हापासून हा वाद मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे. दोन्ही बाजूंचा आवाज चढतो, आणि दोन्ही बाजूंनी नेमका प्रश्न हातातून निसटतो.

माझी भूमिका आधीच मांडतो. मी कॅथलिक आहे. दुसऱ्या ख्रिस्तसभेतली गुरुदीक्षा, म्हणजे बिशपने हात ठेवून धर्मगुरू किंवा बिशप करण्याचा संस्कार, वैध आहे की नाही हे विचारण्याचा कॅथलिक चर्चला पूर्ण अधिकार आहे, असं मी मानतो. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्याला संस्कार म्हणजे नुसता सोहळा वाटत नाही, त्याला तो विचारावाच लागतो. पण अँग्लिकन दीक्षेबद्दल १८९६ साली रोमने ‘ती शून्य आहे’ असं जे उत्तर दिलं, ते ज्या पायावर उभं आहे तो पाया रोमच्याच कसोट्यांना पुरा उतरत नाही. तो निर्णय पुन्हा तपासायला घेतला पाहिजे. सौजन्य म्हणून नव्हे, सत्य म्हणून.

आधी शब्दांची गल्लत दूर करू. ‘वैध’ आणि ‘नियमसंमत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना न सांगता दोघांनी रजिस्ट्रारपुढे जाऊन लग्न केलं, तर आईबाप वर्षभर बोलणार नाहीत, गावात चर्चा होईल. पण लग्न झालंच नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. चर्चच्या शास्त्रातही तसंच आहे. परवानगी नसताना, शिस्त मोडून दिलेली दीक्षा दंडनीय असेल, तरी ती खरी असू शकते. १९८८ मध्ये परंपरावादी कॅथलिक आर्चबिशप लफेव्र यांनी पोपची आज्ञा मोडून स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे चार बिशपांना दीक्षा दिली. रोमने त्यांना बहिष्कृत केलं, पण ते बिशप नाहीत असं रोमने कधीही म्हटलं नाही. त्याचप्रमाणे धर्मगुरूचं चारित्र्य आणि दीक्षेची वैधता यांचाही संबंध नाही. हा धडा चर्च चौथ्या शतकातच शिकलं. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले त्यांनी दिलेले संस्कार पोकळ, असं उत्तर आफ्रिकेतले दोनातपंथी म्हणत. संत ऑगस्टीनने त्यांना उत्तर दिलं : पेत्राने स्नानसंस्कार दिला तरी देणारा ख्रिस्तच, यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. म्हणून कोणाच्या दीक्षेला अवैध म्हणणं हा त्याच्या भक्तीवरचा, त्यागावरचा किंवा त्याच्या लोकांच्या श्रद्धेवरचा शेरा नसतो. आवारातला दुसरा गृहस्थ रागावला तो हे न कळल्यामुळे. आणि पहिला खूश झाला, तोही हे न कळल्यामुळेच.

हा भेद किती टोकाला जातो ते पाहायला इंग्लंड गाठायला नको, आपला गोवा पुरे. वेर्ण्याचे फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस कॅथलिक धर्मगुरू होते. भारतातल्या धर्मप्रांतांवर हक्क पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा (राजाला मिळालेल्या धर्मसंरक्षणाच्या अधिकाराचा) की रोमच्या प्रोपगांदाचा (मिशनकार्य पाहणाऱ्या मंडळाचा), हे भांडण तेव्हा जोरात होतं, आणि १८८६ च्या करारात पाद्रोआदोकडचे अनेक भाग काढून घेतले गेले. आल्वारिस यांना हे मानवलं नाही. ते रोमपासून दूर झाले आणि २९ जुलै १८८९ रोजी केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. नाव झालं मार युलियुस. गोव्याच्या चर्चने त्यांना बहिष्कृत केलं, पोर्तुगीज सरकारने अटक केली. पुढे ते रायबंदरला राहून गोरगरिबांची सेवा करत राहिले आणि तिथेच १९२३ मध्ये वारले. कोलंबोत १८९२ मध्ये त्यांनी जोसेफ रने विलात नावाच्या एकाला बिशप केलं, आणि त्या एका धाग्याचं टोक पकडून युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी चिमुकल्या पंथांचे बिशप आजही आपली परंपरा थेट प्रेषितांपर्यंत नेऊन भिडवतात.

आता कॅथलिक शास्त्राची पट्टी लावा. ऑर्थोडॉक्स आणि पूर्वेकडच्या प्राचीन चर्चची दीक्षा रोम वैध मानतं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं. म्हणजे ज्या परंपरेत आल्वारिस बिशप झाले ती रोमच्या हिशेबात खरी. गोव्यात ज्यांना धर्मद्रोही म्हणून हिणवलं ते वैध बिशप. आणि ज्या कँटरबरीच्या आर्चबिशपांना पोप सन्मानाने मिठी मारतात ते दीक्षेच्या दृष्टीने सामान्य प्रापंचिक! बाहेरच्या माणसाला हे चक्रावून टाकणारं वाटेल, पण यात विसंगती नाही. वैधता हे बक्षीस नसतं आणि मैत्रीचं प्रमाणपत्रही नसतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. ही कठोर तटस्थता मला कॅथलिक शास्त्राचं मोठेपण वाटते. म्हणूनच तिने स्वतःलाही तीच पट्टी लावावी, असा माझा आग्रह आहे.

मुळात हा सगळा खटाटोप कशाला, असंही कोणी म्हणेल. हाताने हात, हाताने हात अशी दोन हजार वर्षांची साखळी मोजत बसायचं, कोणते शब्द उच्चारले ते तपासायचं, ही पुरोहितशाही नव्हे तर काय? हा आक्षेप हलका नाही, आणि तो सगळ्यांत ताकदीने एका मराठी बाईने मांडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवावी, असं तिथल्या मंडळींनी सुचवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी जे कळवलं त्याचा आशय असा : एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच महाप्रयासाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. ज्या बाईने शास्त्रार्थ जगून सोडला तिच्या तोंडून हे आलं की तर्काच्या पलीकडचं वजन त्याला येतं. मला ते नाकारता येत नाही.

तरी एक विचारतो. विधीचे शब्द खरोखरच बिनमहत्त्वाचे असते, तर कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद का पेटला? १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होते. पाणी तेच, घाट तोच, राजाही तोच. फरक फक्त शब्दांचा. तरी शाहू महाराजांना त्या शब्दांत आपल्याला काय मानलं जातंय ते बरोबर कळलं, आणि त्यातून महाराष्ट्राचं राजकारण ढवळून निघालं. विधीचे शब्द समाजाची श्रद्धा उघड करतात, कोण कोणाला काय देतो आहे हे सांगतात. तेव्हा इंग्लंडात दीक्षेचे शब्द बदलले गेले तेव्हा ‘काय बदललं आणि का?’ असं रोमने विचारलं, तर तो प्रश्न मराठी माणसाला तरी परका वाटू नये. आक्षेप घ्यायचा तर उत्तरावर घ्यावा.

उत्तर काय होतं? इंग्लंडात एडवर्ड सहाव्याच्या राज्यात, १५५० मध्ये, दीक्षेचं नवं विधिपुस्तक आलं आणि १५५२ मध्ये ते आणखी छाटलं गेलं. जुन्या विधीत नव्या धर्मगुरूच्या हाती चषक आणि तबक देऊन ‘मिस्साबलिदान अर्पण करण्याचा अधिकार घे’ अशा अर्थाचे शब्द म्हणत, कारण मिस्सा म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाचं अर्पण, असं कॅथलिक मानतात. ते शब्द गेले. त्याच सुमारास लंडनमध्ये दगडी वेद्या फोडून त्यांच्या जागी लाकडी मेजं मांडली जात होती. पुढे एलिझाबेथच्या काळात, १७ डिसेंबर १५५९ रोजी, लँबेथ राजवाड्याच्या चॅपेलमध्ये मॅथ्यू पार्कर यांना याच विधीने कँटरबरीचे आर्चबिशप केलं गेलं. आजची अँग्लिकन परंपरा त्यांच्यापासून मोजली जाते. ही दीक्षा लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात थट्टेवारी उरकली, अशी एक कथा पुढे सतराव्या शतकात पसरली आणि आपल्याकडची काही मंडळी ती अजून चवीने सांगतात. ती धादांत खोटी आहे, आणि लिंगार्ड या कॅथलिक इतिहासकारानेच ती खोटी म्हणून टाकून दिली होती. दीक्षा देणाऱ्या चौघांपैकी बार्लो आणि हॉजकिन्स यांना स्वतःला जुन्या रोमन विधीने बिशप केलेलं होतं. म्हणजे हातांची साखळी तुटलेली नव्हती. पोप लिओ तेरावे यांनीही गुत्त्याच्या कथेचा आधार घेतला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये ‘अपोस्तोलिचे कुरे’ या आज्ञापत्रात त्यांनी दोन उणिवा दाखवल्या : शब्दरूपात उणीव आणि हेतूत उणीव. ‘पवित्र आत्मा घे’ या शब्दांबरोबर कोणतं पद दिलं जातंय ते म्हटलेलं नाही; १६६२ मध्ये ते शब्द घातले गेले, पण तोवर शंभर वर्षं उलटली होती आणि मूळ परंपरा विझून गेली होती. आणि ज्यांनी बलिदानाचा प्रत्येक उल्लेख खोडला, त्यांना बलिदान करणारा धर्मगुरू घडवायचाच नव्हता. म्हणून ही दीक्षा सर्वथा शून्य आणि पूर्णपणे निरर्थक.

युक्तिवाद पोरकट नाही, हे आधी मान्य करू. खोडणं हीसुद्धा एक कृती असते. एखाद्या खरेदीखतातून कोणी ‘मालकी हक्क’ हे शब्द जाणूनबुजून काढून टाकले, तर उरलेल्या कागदाचा अर्थ बदलतोच. अँग्लिकन आर्चबिशपांनी १८९७ मध्ये लॅटिनमधून उत्तर दिलं. बलिदानाचा उल्लेख नसलेल्या दीक्षाप्रार्थना प्राचीन चर्चमध्येही होत्या, मग त्यांचं काय, असा त्यांचा सवाल होता. त्यावर इंग्लंडच्या कॅथलिक बिशपांनी हेच सांगितलं : मौन वेगळं आणि खोडणं वेगळं. हा त्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा, आणि आजचे कॅथलिक वादपटूही तिथेच ठाण मांडून बसतात.

पण तिथेच जरा थांबून पाहा. चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या सेरापिओन बिशपांच्या नावावर असलेल्या प्रार्थनासंग्रहात धर्मगुरूच्या दीक्षेची प्रार्थना आहे. लोकांचा कारभारी व्हावं, देवाची वचनं पोचवावीत, लोकांचा देवाशी समेट घडवावा, असं तीत मागितलं आहे. बलिदानाचा शब्द नाही. तरी ती दीक्षा वैध होती याबद्दल कोणाला शंका नाही. म्हणजे तो शब्द अत्यावश्यक नव्हे. मग सुधारकांनी जे खोडलं ते मुळातलं हृदय होतं की मध्ययुगात वर चढलेला थर? आणि खोडताना त्यांना काय हवं होतं, याचा पुरावा त्यांच्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. प्रेषितांच्या काळापासून चर्चमध्ये बिशप, धर्मगुरू आणि डिकन ही पदं आहेत, आणि तीच पुढे चालू राहावीत म्हणून हा विधी, असं तिथे लिहिलं आहे. खरेदीखताच्या पहिल्याच ओळीत ‘वडिलोपार्जित मालकी पुढे चालू राहावी म्हणून’ असं असेल, तर आतला एखादा शब्द खोडला म्हणून अख्खं खत रद्द होतं का?

राहिला हेतू. विधी करणाऱ्याचं धर्ममत चुकीचं असलं तरी चर्च जे करतं ते करण्याचा त्याचा हेतू असेल तर संस्कार घडतो, ही कॅथलिक शिकवण आहे आणि ती रक्त आटवून मिळवलेली आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत होते की पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा शून्य. रोमचे बिशप स्तेफान म्हणाले, नाही, तो पुन्हा देऊ नका. चर्चने सिप्रियनना संत मानलं, पण मत स्तेफानचं घेतलं. इतकं मागे जायला नको. १८७२ मध्ये, लिओंच्या निर्णयाच्या अवघी चोवीस वर्षं आधी, ओशिआनियातल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांबद्दल रोमच्या होली ऑफिससमोर, म्हणजे श्रद्धेचे प्रश्न पाहणाऱ्या मंडळासमोर, प्रश्न आला. बाप्तिस्म्याने आत्म्यावर काहीच परिणाम होत नाही, असं ते लोकांपुढे उघड सांगत आणि मग बाप्तिस्मा देत. तो वैध धरायचा का? रोमने सांगितलं की केवळ त्या चुकीच्या मतामुळे हेतू नाहीसा होत नाही. जो न्याय पॅसिफिकच्या बेटावरल्या मिशनऱ्याला मिळतो, तो लँबेथच्या चॅपेलमधल्या बार्लोला का मिळू नये? बाप्तिस्मा आणि गुरुदीक्षा हे वेगळे संस्कार आहेत, हे खरं. हेतूचं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आणि ज्याला आज आपण अढळ म्हणतो ते कालही अढळ होतं का? फ्लोरेन्सच्या परिषदेच्या काळात, १४३९ मध्ये, आर्मेनियनांसाठीच्या आज्ञापत्रात पोप युजीन चौथे यांनी शिकवलं की गुरुदीक्षेचं द्रव्य (संस्कार ज्यातून घडतो ती बाह्य कृती) म्हणजे चषक आणि तबक हाती देणं. पाचशे वर्षं धर्मगुरू हे शिकले. १९४७ मध्ये पोप पायस बारावे यांनी ठरवून दिलं की यापुढे द्रव्य म्हणजे फक्त हात ठेवणं. वस्तू हाती देणं वैधतेला लागत नाही. लिओंचा निर्णय चषकावर उभा नव्हता, हे कबूल आहे. तो शब्दरूप आणि हेतूवर उभा होता. माझं म्हणणं एवढंच की दीक्षेत नेमकं काय अत्यावश्यक, हे रोमला स्वतःलाच टप्प्याटप्प्याने उमगत गेलं आहे. त्याहून जुनी आणि जास्त टोचणारी आठवण नवव्या शतकाची. ८९७ मध्ये पोप फॉर्मोसस यांचं प्रेत थडग्यातून काढून सिंहासनावर बसवलं गेलं, त्याच्यावर खटला चालवला, आणि त्यांनी दिलेल्या सगळ्या दीक्षा रद्द ठरवल्या. त्याच वर्षी पुढे पोप थिओडोर दुसरे यांनी त्या परत वैध केल्या. काही वर्षांनी सर्जियस तिसरे आले आणि त्यांनी पुन्हा रद्द केल्या. आज एकही कॅथलिक शास्त्री त्या रद्द होत्या असं म्हणणार नाही. ही राजकीय सूडाची प्रकरणं होती, विचारपूर्वक काढलेली आज्ञापत्रं नव्हती, एवढा फरक मी धरतो. पण ‘दीक्षा रद्द’ असं रोमने एकदा म्हटलं की विषय कायमचा संपतो, हे म्हणणाऱ्याने फॉर्मोससच्या प्रेताकडे पाहावं.

१८९६ च्या निर्णयाआधी लिओंनी आठ जणांचा आयोग नेमला होता. चौघांनी ही दीक्षा अमान्य म्हटली. उरलेल्या चौघांपैकी काहींना ती वैध वाटली, काहींना शंकास्पद. या दुसऱ्या गटात इतिहासकार दुशेन होते, आणि गास्पारी होते. पुढे १९१७ ची चर्चची कायदेसंहिता ज्यांच्या हाताखाली तयार झाली तेच हे गास्पारी. आयोगाचं काम सल्ला देण्याचं. निर्णय पोपचा, आणि तो त्यांचा अधिकारच होता. तरी एवढ्या तोलाच्या माणसांना जिथे शंका दिसली तिथे ‘शंकास्पद’ म्हणण्याऐवजी ‘सर्वथा शून्य’ का म्हटलं गेलं? शंका असेल तर सशर्त दीक्षेची सोय चर्चकडे होतीच. अँग्लिकन पुढारी लॉर्ड हॅलिफॅक्स आणि फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू पोर्ताल हे समेटाच्या आशेने धडपडत होते, आणि इंग्लंडचे कार्डिनल व्हॉन यांना तीच आशा घातक वाटत होती; तिने आपल्याकडे येऊ पाहणारे लोक थबकतील, असं त्यांना वाटे. या ओढाताणीचा निर्णयावर काहीच परिणाम झाला नसेल, असं मला म्हणवत नाही.

यावर सगळ्यांत जड दगड ठेवला जातो तो १९९८ चा. त्या वर्षी श्रद्धासिद्धान्त मंडळाचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीच्या भाष्यात ‘अपोस्तोलिचे कुरे’चं नाव निश्चितपणे मानायच्या गोष्टींच्या उदाहरणांत घातलं गेलं. कॅथलिक म्हणून मी हे झटकून टाकू शकत नाही. पण त्याच्या चारच वर्षं आधी काय झालं? लंडनचे निवृत्त अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड कॅथलिक झाले, आणि १९९४ मध्ये कार्डिनल ह्यूम यांनी त्यांना रोमच्या संमतीने सशर्त दीक्षा दिली, म्हणजे ‘आधीची दीक्षा वैध नसेल तर’ अशा अटीवर. कारण १९३० च्या दशकापासून अँग्लिकन बिशपांच्या दीक्षेत युट्रेख्टच्या ओल्ड कॅथलिक चर्चचे (रोमपासून वेगळ्या झालेल्या एका चर्चचे) बिशप हात ठेवू लागले होते, आणि ओल्ड कॅथलिक परंपरा रोम वैध मानतं. म्हणजे एकाच परंपरेबद्दल कागदावर ‘सर्वथा शून्य’ आणि विधीत ‘कदाचित वैध’. मला यात ढोंग दिसत नाही. सत्याला जागा करून देण्याची प्रामाणिक धडपड दिसते. फक्त ती मागच्या दाराने चालली आहे, आणि ती समोरच्या दाराने व्हावी एवढंच मी मागतो.

स्त्रियांच्या दीक्षेचा मुद्दा आता इथे येणारच. १९९४ पासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रिया धर्मगुरू आहेत, २०१५ पासून बिशप आहेत, आणि आता कँटरबरीची गादीही आली. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नाही असं रोम म्हणतं, तेव्हा जुना वाद उकरण्यात काय हशील, असं विचारलं जातं. आजच्या अँग्लिकन चर्चला एका घासात मान्यता देणं रोमला शक्य नाही, हे वास्तव आहे. पण १५५९ ते १९९४ ही चारशे पस्तीस वर्षं त्यामुळे पुसली जात नाहीत. नंतर घडलेल्या गोष्टीवरून आधीच्या माणसांचा निकाल लावणं कुठल्या न्यायात बसतं?

बाकीच्या प्रोटेस्टंटांबद्दल मात्र मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे गैरसमज जास्त आणि वाद कमी आहे. सत्यशोधक पद्धतीने लागलेल्या लग्नात ‘भटजी खरा होता का?’ असं कोणी विचारलं तर तो प्रश्नच चुकीचा. भटजी नकोच म्हणून तर ते लग्न तसं लागलं. बाप्टिस्ट किंवा काँग्रिगेशनल पाळकाचं तसंच आहे. बलिदान करणारा याजक असल्याचा दावाच तो करत नाही, मग त्याला तो नाकारला म्हणून अपमान कसला? रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे. शेवटच्या वर्षांत ते मिशनही सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यांच्या अभंगांतली ख्रिस्तभक्ती कोणत्या साखळीतून आली हे मोजायचं कोणी आणि कशाला? इतर चर्चमधूनही ख्रिस्ताचा आत्मा तारणाचं काम करतो, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच म्हटलं आहे. आपल्याकडे गुंता वाढला तो २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात. अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. प्रेषितीय परंपरा प्राणपणाने जपणारे आणि ती न मानणारे एका छताखाली आले. एकमेकांवर हात ठेवून, ज्याच्याकडे जे उणं असेल ते देवाने पुरवावं अशा आशयाची प्रार्थना त्यांनी केली. कोण उणा ते मुद्दाम सांगितलं नाही. रोमच्या शास्त्राला ही संदिग्धता पचणार नाही. मला स्वतःला त्या प्रार्थनेत पुष्कळ धैर्य दिसतं.

रोमच्या बाजूनेही दारं सगळीच बंद नाहीत. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी स्वतःची बिशपपदाची अंगठी काढून कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅम्सी यांच्या हाती दिली. ज्याला आपण बिशप मानत नाही त्याला बिशपची अंगठी कोणी देत नाही, असं मन म्हणतं. पण अंगठी म्हणजे निर्णय नव्हे, आणि भावनेवर शास्त्र चालत नाही, हे मीच वर लिहून बसलो आहे. म्हणून मला अंगठीपेक्षा १९८५ चं पत्र मोलाचं वाटतं. कार्डिनल विलेब्रांड्स यांनी त्यात लिहिलं की मिस्सा आणि धर्मगुरूपद यांबद्दल दोन्ही चर्चची श्रद्धा आज एकच आहे असं ठरलं, तर लिओंनी ज्याला त्या विधीमागचा मूळ भाव म्हटलं त्याचा नव्या संदर्भात फेरविचार होऊ शकेल. त्याआधी, १९७८ मध्ये, लिओंच्या काळाचे व्हॅटिकनचे दप्तरखाने अभ्यासकांना खुले झाले होते. आयोगाचे कागद आता वाचता येतात. ते पत्र आणि हे कागद समोर ठेवून काम सुरू करायला हरकत कोणाची आहे? सगळं वैध म्हणून जाहीर करा, अशी माझी मागणी नाही. ‘सर्वथा शून्य’ हे शब्द त्या पुराव्याला पेलतात का, एवढं तपासा.

या वादात कोणी गोऱ्हेशास्त्रींचं नाव घेत नाही, म्हणून मला ते घ्यावंसं वाटतं. नीळकंठशास्त्री गोऱ्हे चित्पावन ब्राह्मण, काशीत वाढलेले, षड्दर्शनांचे पंडित. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या झाले. पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात ज्यांचा हात होता ते हेच. पण चर्चच्या अधिकाराचं जोखड वाटून रमाबाई जिथून दूर सरकल्या, नेमक्या तिथे गोऱ्हे जवळ गेले. प्रेषितांपासून आलेली दीक्षा, वेदीवरचा खरा ख्रिस्त, प्राचीन चर्चची अखंड परंपरा, यांवर त्यांची निष्ठा होती. म्हणजे एका कॅथलिकाला जे महत्त्वाचं वाटतं तेच सगळं या मराठी शास्त्र्याला वाटत होतं. जात, घर, नातीगोती सोडून तो अर्धं शतक त्या विश्वासावर जगला आणि १८९५ मध्ये वारला. त्याच्या दीक्षेला शून्य म्हणणारं आज्ञापत्र दुसऱ्याच वर्षी आलं. वेदीपुढे उभं राहून गोऱ्ह्यांनी जी भाकर हातात घेतली आणि ‘हे माझे शरीर आहे’ असं ख्रिस्ताच्या शब्दांत म्हटलं, ती काय होती? ती निव्वळ भाकरच होती, असं ज्याला ठामपणे म्हणायचं आहे त्याने आधी दप्तरखान्यातले ते कागद वाचावेत.